सर असेपर्यंत

शत्रुघ्न घरतांची थोरली मुलगी पाण्यातून गॅस काढते, एवढं नायगावच्या खाडीकाठच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कोणाला नीट सांगता येत नसे. शत्रुघ्नना स्वतःलाही येत नसे. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "पान्यान करंट सोडतात, मंग गॅस निघतो. त्याच्यावर गाडी चालते. धूर नाय, काय नाय." आणि बोलणं तिथेच संपू नये म्हणून पुढे जोडत, "कोरियाला व्हती दोन वरसं."

घराची जमीन खाडीला लागून. पावसाळ्यात भाताचं एक पीक आणि बाकी वर्षभर बांधाची राखण, म्हणजे भरतीचं खारं पाणी आत घुसू नये एवढंच काम. त्यातला मोठा तुकडा टॉवर बांधणाऱ्यांकडे गेला. उरलेल्या दीड एकरावर शत्रुघ्न हट्टाने भात लावत राहिले. धाकटा भूपेश त्याच टॉवरांना रेती-विटा पुरवू लागला. जागृती मात्र शिकत गेली. वसईच्या कॉलेजातून बी.एस्सी., मग मुंबईला एम.एस्सी., मग तिथल्याच एका मोठ्या संशोधन संस्थेत पीएच.डी. गावातली ती पहिली डॉक्टर. सुरुवातीला शेजारच्या म्हाताऱ्या तिला गुडघे दाखवायला येत. ही औषधं देणारी डॉक्टर नाही हे कळल्यावर त्या थोड्या हिरमुसल्या, पण आदर कमी झाला नाही.

पीएच.डी.चे तिचे गाइड डॉ. जयवंत तळवडेकर. मूळचे मालवणकडचे, राहायला विरार पूर्वेला चंदनसारला. नोकरीची सगळी वर्षं तिथून मुंबईला ये-जा केली, पण संस्थेच्या आवारातलं घर घेतलं नाही, कारण त्यांच्या पत्नी सुनंदाकाकू विरारच्या शाळेत शिकवत. सर बोलायला मोजके आणि कामाला कडक. जागृती पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत गेली तेव्हा तिला वाटलं होतं की काहीतरी मोठं यंत्र हाताळायला मिळेल. सरांनी तिला दोन आठवडे काचेची भांडी धुवायला लावली. आम्लाने, मग साध्या पाण्याने, मग तीनदा शुद्ध केलेल्या पाण्याने. पंधराव्या दिवशी एक चंचुपात्र उजेडाकडे धरून म्हणाले, "आता कामाला लागू."

काम म्हटलं तर सोपं होतं. थोडं आम्ल घातलेल्या पाण्यात वीज सोडली की एका टोकावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. सूर्याच्या विजेवर हे करता आलं तर तो हायड्रोजन साठवायचा, हवा तेव्हा जाळायचा, आणि जाळल्यावर मागे राहतं ते पुन्हा पाणीच. अडचण एकच. बुडबुडे भराभर यायचे तर टोक प्लॅटिनमचं लागतं, आणि प्लॅटिनम साऱ्या जगाला पुरेल एवढं नाही. म्हणून त्याच्या जागी दुसरं काहीतरी शोधायचं. सर आणि जागृती मॉलिब्डेनम सल्फाइडवर काम करत. केसाच्या काही हजाराव्या भागाएवढे पातळ पापुद्रे, डोळ्यांना दिसायला नुसती काळी पूड.

तिसऱ्या वर्षी त्या पुडीने काहीतरी वेगळंच दाखवलं. बाकी सगळे पदार्थ वापरता वापरता मंद होत. ही पूड मात्र विजेचा दाब चढवण्या-उतरवण्याच्या प्रत्येक फेरीनंतर तेज होत गेली. हजार फेऱ्यांनंतर ती जवळजवळ प्लॅटिनमच्या पंगतीला येऊन बसली. जागृती आलेख घेऊन सरांच्या खोलीत गेली तेव्हा सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

तिने अकरा वेळा पुन्हा केलं. नवी पूड, नवं आम्ल, नवी भांडी. दर वेळी तेच आलं. २०१२ साली त्यांचा शोधनिबंध छापून आला. त्यावर दोनच नावं होती, तिचं आणि सरांचं. 'वापरागणिक सुधारणारा पदार्थ' म्हणून तो गाजला. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याचा आधार घेऊन पुढचं काम सुरू केलं. सरांना एक मानाचं पदक मिळालं. त्या समारंभात त्यांनी भाषणात सांगितलं की हे निरीक्षण माझ्या विद्यार्थिनीचं आहे, मी फक्त तिला पुन्हा पुन्हा करायला लावलं. असं सांगणारे गाइड फार नसतात. जागृती ते कधी विसरली नाही.

तिने एकदा बाबांना सगळं समजावून सांगितलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "यो पानी खारा चालतो का? खाडीचा?" तेव्हा ती हसली होती. पुढे संशोधनासाठी कोरियात गेल्यावर तिला कळलं की मोठमोठे लोक नेमक्या याच प्रश्नाशी झटतायत.

कोरियातून ती परतली ती आईसाठी. रंभाबाईंना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. महिनाभराची रजा काढून आलेली जागृती परत गेलीच नाही. दीड वर्ष आईचं करण्यात गेलं. आई गेली तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती, मुंबईतल्या जागा भरून गेल्या होत्या, आणि लग्नाचं बोलणं घरात आपोआप बंद झालं होतं. शेवटी वसई-विरारकडच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. दर जूनला नवी ऑर्डर, दर मार्चला ती संपणार. पण एम.एस्सी.च्या मुलांचे प्रकल्प तिच्याकडे असत, आणि कॉलेजच्या लहानशा प्रयोगशाळेत तिने एक कोपरा जमवला होता. मुलांना ती आवडे. ओरडत नसे, पण कोणी आकडा ओढूनताणून आणला की तिला लगेच कळे.

ते २०१९ साल. अनुष्का नावाची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी मॅडमची ती गाजलेली पूड पुन्हा बनवत होती. मधेच प्लॅटिनमची तार तुटली. पाण्यात दोन टोकं लागतात. एका टोकावर आपली पूड, आणि समोरच्या टोकाला सगळेजण सरसकट प्लॅटिनमची तार लावत. कॉलेजात तार एकच होती, आणि नवी मागवायची तर कागद हलायला सहा महिने.

"मॅम, आता काय करायचं? माझी व्हायवा आहे," अनुष्का म्हणाली.

प्रयोगशाळेतले जुने कर्मचारी पास्कलकाका तिथेच भांडी लावत होते. त्यांनी टॉर्चचा एक जुना सेल फोडला, आतली कार्बनची काळी कांडी काढली, घासून धुऊन आणून दिली. "ही चालंल का बघा. आमच्या वेळचे सर हीच लावायचे."

चालायला हरकत नव्हती. समोरच्या टोकाचं काम फक्त वीज वाहून नेण्याचं. अनुष्काने कांडी लावली आणि फेऱ्या सुरू केल्या. शंभर झाल्या, तीनशे झाल्या, हजार झाल्या. पूड काही सुधारेना. उलट थोडी मंदच झाली, बाकी सगळ्या पदार्थांसारखी.

"तुझी पूड नीट बनली नसेल," जागृती म्हणाली, आणि स्वतः बनवायला बसली. तिनेही कार्बनची कांडी लावून बघितली. तेच आलं. मग भूपेशच्या ओळखीने एका दुकानातून शुद्ध ग्रॅफाइटची कांडी मागवली. तरी तेच. चौथ्या दिवशी ती स्टुलावर नुसती बसून राहिली. पास्कलकाकांनी चहा आणून ठेवला तो तसाच निवला.

तिला कळलं होतं. गेल्या दोन-चार वर्षांत याविषयी इशारे छापून आले होते, तिने वाचलेही होते. आम्लात प्लॅटिनमची तार अगदी किंचित झिजते. झिजलेले कण पाण्यातून वाहत समोरच्या टोकावर जाऊन बसतात. मग तिथे जे बुडबुडे येतात ते पुडीमुळे नव्हे, तिच्यावर चढलेल्या प्लॅटिनममुळे. जितक्या जास्त फेऱ्या, तितकं जास्त प्लॅटिनम. हे इशारे वाचताना तिला वाटलं होतं की हे निष्काळजी लोकांसाठी लिहिलंय. आपली भांडी तर तीनदा धुतलेली.

पीएच.डी.च्या वेळचे काही नमुने तिने घरी पोटमाळ्यावर डबीत जपून ठेवले होते. त्यातले दोन तिने कॉन्रॅडकडे पाठवले. कॉन्रॅड तिचा प्रयोगशाळेतला जुना सोबती, आता त्याच संस्थेत पृष्ठभागावरचे अणू ओळखणारं यंत्र सांभाळत होता. आठवड्याने त्याचा फोन आला.

"प्लॅटिनम आहे," तो म्हणाला. "थोडं आहे, पण आहे. दोन्हींवर." मग त्याने विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुलाच विचारलं."

"मी कोणाला बोलणार नाही. तू ठरव."

सर निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि कंपवाताचं निदान होऊन तीन. जागृती रविवारी चंदनसारला गेली. दार काकूंनी उघडलं. "बरं झालं आलीस. कालच तुझी आठवण काढत होते," म्हणाल्या आणि पोहे करायला आत गेल्या. सर खिडकीपाशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर थरथरत होता, डाव्याने तो धरून ठेवला होता.

तिने प्रस्तावना केली नाही. सरांना प्रस्तावना आवडत नसे. तिने दोन आलेख त्यांच्यासमोर ठेवले.

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला, "समोर काय लावलं होतं?"

"यात प्लॅटिनम. यात ग्रॅफाइट."

सरांनी डोळे मिटले. आत काकूंची फोडणी चुरचुरली.

"म्हणजे सुधारत नव्हती ती," सर म्हणाले.

"नाही, सर. तार झिजत होती."

"अकरा वेळा."

"हो, सर. अकराही वेळा आपण तारच लावली."

त्यांनी वाद घातला नाही, नमुना बघू म्हणाले नाहीत, तुझंच काही चुकलं असेल असंही म्हणाले नाहीत. जागृतीला वाटलं होतं की ते भांडतील, आणि भांडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"निबंध मागे घ्यावा लागेल," ती म्हणाली. "तुमचं पत्र लागेल. मी मसुदा करते. त्या वेळी सगळेच तार लावायचे, हेही त्यात लिहू."

काकू पोहे ठेवून गेल्या. सरांनी चमचा उचलायचा प्रयत्न केला, पोहे शर्टावर सांडले. जागृतीने पुसायला रुमाल काढला तर त्यांनी हाताने थांबवलं.

"माझ्या हातून सगळं पडतं आता," ते म्हणाले. "तेवढं एक राहिलंय, जे पडलं नाही. संस्थेत माझ्या नावाने व्याख्यानमाला सुरू करतायत. सुनंदाने जन्मभर डबा भरला माझा, पहाटे उठून. तिला मी काय सांगू, कशासाठी भरलास म्हणून?"

"सर, तुमची बाकीची कामं—"

"बाकीची कामं कोणाला माहीत आहेत?" मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने आजवर त्यांना कोणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं. "मी फार दिवस नाही, जागृती. मी असेपर्यंत थांबशील?"

"थांबते, सर," ती म्हणाली.

त्या क्षणी तिला दुसरं काही सुचलंच नाही. पुढे तिने या उत्तराचा कितीतरी वेळा विचार केला, आणि दर वेळी त्या खुर्चीसमोर बसून तिने तेच उत्तर दिलं असतं असं तिला वाटे.

अनुष्काच्या प्रकल्पात तिने 'ग्रॅफाइट वापरल्यास सुधारणा आढळली नाही' एवढं लिहू दिलं. एम.एस्सी.चे प्रकल्प कपाटात जातात, कोणी वाचत नाही. वर्ष गेलं, करोना आला, कॉलेज बंद झालं, उघडलं. सर होते.

२०२१च्या जानेवारीत तिला एक ईमेल आली. स्वप्ना नावाची मुलगी, मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होती. 'आदरणीय मॅडम, तुमचा निबंध हाच माझ्या कामाचा पाया आहे. पण माझ्या पुडीत सुधारणा दिसत नाही. कृपया काय चुकतंय ते सांगावं.' सोबत तिने सगळी मांडणी लिहिली होती, काही न लपवता. समोरच्या टोकाला ग्रॅफाइटची कांडी. आताशा बरीच जर्नल्स तेच मागत.

जागृती ती ओळ वाचून थांबली. मुलीचं काहीच चुकत नव्हतं. जागृतीने एक शब्द लिहिला असता तरी पुरलं असतं. प्लॅटिनमची तार लाव म्हटलं असतं तर पूड लगेच सुधारली असती आणि मुलीची पीएच.डी. झाली असती. तेवढं खोटं तिच्याने होईना. आणि खरं सांगायला ती मोकळी नव्हती. तिने लिहिलं, 'भट्टीचं तापमान तपासून पाहा.'

दीड वर्ष या ईमेल येत राहिल्या. तापमान बदललं, मॅडम. वेळ बदलली, मॅडम. गाइड म्हणतात की तू सूचना नीट पाळत नाहीस. जागृती दर वेळी काहीतरी लिहायची. एकदा धीर करून लिहिलं, 'या पदार्थावर फार वेळ घालवू नये असं माझं मत आहे. विषय बदलता आला तर बदला.' स्वप्नाचं उत्तर आलं, 'गाइड कारण विचारतात. तुम्ही कारण लिहून दिलंत तर मी त्यांना दाखवीन.' त्याला जागृतीने उत्तर दिलं नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये शेवटची ईमेल आली, दोन ओळींची. फेलोशिप संपली, काम सोडतेय, आजवर वेळ दिल्याबद्दल आभारी आहे.

त्या दिवशी ती घरी आली ती सरळ शेतावर गेली. बाबा बांधाला चिखल लावत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघाभर चिखलात. ती बांधावर बसली आणि त्यांना सगळं सांगितलं. कॉन्रॅड आणि सर सोडले तर हे ऐकणारे बाबा पहिलेच. पूड, तार, सर, ती मुलगी. बाबांनी हात धुतले आणि तिच्या बाजूला येऊन बसले.

"माज्या लग्नाच्या वक्ताला," ते म्हणाले, "बांधाला भोक परला व्हता. खेकऱ्यांनी पाडलेला, हाताएवरा. मी पायला. पन हलद लागलेली, कोनाला सांगू? म्हनला लगीन व्हऊंदे. तिसऱ्या दिसाला समदा खारा पानी आत. माज्या शेतान नाय गेला, बाजूच्या काशिनाथच्या शेतान गेला. तीन वरसं त्याला भात नाय झाला."

"त्याने विचारलं नाही तुला?"

"त्याला ठावच नवता, मना ठाव व्हता त्ये." बाबा खाडीकडे बघत राहिले. "तू त्या पोरीला सांग गो."

"सरांना शब्द दिलाय, बाबा."

"मंग सरांना इचार. सोड म्हनाव मना."

हे तिला सुचलं नव्हतं. पुढच्याच रविवारी ती चंदनसारला गेली. करोनापासून तिचं जाणं कमी झालं होतं. काकू बऱ्याच वाळल्या होत्या. "ओळखतील की नाही सांगता येत नाही," त्या दारातच म्हणाल्या. "सकाळी बरे असतात."

सरांनी ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला. बोलणं अगदी हळू झालं होतं, पुढे वाकून ऐकावं लागत होतं.

"सर, मला त्या निबंधाविषयी बोलायचंय. तुम्ही मला थांबायला सांगितलं होतं."

"हो, हो," सर म्हणाले. "पूड." ते हसले. "अजून सुधारतेय ना?"

जागृतीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते टाळत नव्हते, काही लपवतही नव्हते. खिडकीजवळची ती सकाळ, ते दोन आलेख, तो शब्द, सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. निबंध राहिला होता, आणि पदक, आणि अकरा वेळा पुन्हा केलं ते.

"सांग ना," सर म्हणाले. "सुधारतेय?"

काकू तेवढ्यात आतून चहा घेऊन बाजूला येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"हो, सर," जागृती म्हणाली.

खाली उतरून ती रिक्षासाठी उभी राहिली. दोन रिक्षा समोरून गेल्या, तिने हात केला नाही. तिला या शब्दातून सोडवू शकणारा एकच माणूस होता, आणि आपण तिच्याकडून शब्द घेतला होता हे त्यालाच आता ठाऊक नव्हतं.

सर २०२३च्या फेब्रुवारीत गेले, झोपेतच. मुलगा विघ्नेश पुण्याहून आला, त्याने सगळं केलं. जागृती रोज जात होती. काकूंना आंघोळीला उठव, चहा दे, आलेल्यांना पाणी दे. तेराव्याला काकू सगळ्यांना तिची ओळख करून देत होत्या, "ही ह्यांची जागृती."

तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी तिने जर्नलला पत्र पाठवलं. काय झालं, कसं कळलं, नमुन्यांवर काय सापडलं, सगळं मुद्देसूद. सरांविषयी एकच वाक्य होतं, की ही चूक निरीक्षण करणारीची, म्हणजे तिची आहे. कधी कळलं याबद्दल तिने २०१९ हे साल लिहिलं. ते तिला चार वर्षांनी पुढे सरकवता आलं असतं, पण सरकवलं नाही.

जुलैमध्ये निबंध मागे घेतल्याची सूचना छापून आली. महिन्याभरात संस्थेने व्याख्यानमालेचं नाव बदललं, आणि तसं पत्र काकूंना गेलं. त्यांनी जागृतीला बोलावून घेतलं. घरात खोकी बांधलेली होती, काकू विघ्नेशकडे राहायला निघाल्या होत्या.

"बस," म्हणाल्या. चहाचं विचारलं नाही. "२०१९ला कळलं होतं तुला?"

"हो, काकू."

"त्यानंतर तू या घरात येत होतीस. त्यांच्यासमोर बसत होतीस. त्यांनी विचारलं, सुधारतेय का, तर हो म्हणालीस. माझ्या कानांनी ऐकलंय मी."

जागृतीची नजर बांधलेल्या खोक्यांवर गेली.

"ते होते तेव्हा का नाही बोललीस? ते होते तर उत्तर दिलं असतं त्यांनी. बरोबर असते तर लढले असते, चुकले असते तर कबूल केलं असतं. असेच होते ते. माहीत आहे तुला." काकूंचा आवाज चढला नाही, त्यांनी शाळेत तीस वर्षं आवाज न चढवता मुलं सांभाळली होती. "ते गेल्यावर बोललीस. तेरावं होईस्तोवर थांबलीस, तेवढे तरी उपकार."

एका वाक्याचं काम होतं. सरांनीच थांबायला सांगितलं होतं, काकू, तुमच्यासाठी सांगितलं होतं. जागृतीच्या ओठावर ते वाक्य आलं. समोर बसलेल्या बाईकडे नवऱ्याचं एवढंच उरलं होतं, की तो असता तर त्याने कबूल केलं असतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"जा आता," काकू म्हणाल्या. त्यानंतर काकूंनी तिचा फोन कधी घेतला नाही. दिवाळीला पाठवलेल्या मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्या, तेवढंच.

नोव्हेंबरमध्ये कॉलेजात एका कायम जागेसाठी मुलाखती झाल्या. सात वर्षं ती तिथे शिकवत होती. मुलाखतीला बाहेरून आलेल्या तज्ज्ञाने फाइल चाळली आणि विचारलं, "तुमचा सर्वांत महत्त्वाचा निबंध तर मागे घेतलाय?" तिने हो म्हटलं. "आणि चूक कळल्यावर चार वर्षं तुम्ही गप्प होतात?" तिने त्यालाही हो म्हटलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, वैयक्तिक होतं. जागा दुसऱ्याला गेली. तो मुलगा चांगला होता, तिला त्याचा राग आला नाही. प्राचार्यांनी पुढच्या जूनची तासिकांची ऑर्डर तरी देऊ म्हणून सांगितलं.

ज्यांनी ज्यांनी तो निबंध आधाराला घेतला होता त्या सगळ्यांना ती एकेक करून कळवत होती. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. काहींनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, त्या ईमेल ती अर्ध्यावरच बंद करायची. स्वप्नाची विद्यापीठाची ईमेल बंद झाली होती. विभागातून तिचा फोन नंबर मिळवायला तीन आठवडे लागले. डिसेंबरात एका दुपारी, प्रॅक्टिकल संपल्यावर, प्रयोगशाळा रिकामी असताना तिने फोन लावला.

स्वप्ना आता उदगीरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. आवाज ओळखून चकित झाली. "मॅडम, तुम्ही? बोला ना."

जागृतीने सगळं सांगितलं. तारेचं सांगितलं, निबंध मागे घेतल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "तुझी पहिली ईमेल आली तेव्हाच मला हे माहीत होतं. तरी मी तुला भट्टीचं तापमान बघायला सांगितलं."

पलीकडून लॅबमधला गलका ऐकू येत होता. मागे कोणीतरी कोणाचं तरी नाव पुकारत होतं.

"म्हणजे माझं बरोबर येत होतं?" स्वप्नाने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुझ्या आकड्यांत एकही चूक नव्हती."

"मला वाटायचं, माझा हातच वाईट आहे," स्वप्ना म्हणाली. "घरी पण तेच वाटतं सगळ्यांना. की हिला जमलं नाही."

"तुला परत यायचं असेल तर मी तुझ्या गाइडशी बोलते. विद्यापीठाला लिहून देते. जे लागेल ते—"

"नाही मॅडम. आता माझी मुलगी सहा महिन्यांची आहे." स्वप्नाचा आवाज रागाचा नव्हता. राग असता तर जागृतीला तो कुठे ठेवायचा ते कळलं असतं. "तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं, असं विचारणार नाही मी. काहीतरी असेल तुमचं. पण एक कराल का? हे जे आता बोललात, माझ्या आकड्यांचं, ते मला मराठीत लिहून पाठवा. आईला वाचून दाखवीन."

"आजच पाठवते," जागृती म्हणाली.

"बरं. ठेवते मॅडम, सॅम्पलं आलीत."

फोन बंद झाला. जागृतीने एक कोरा कागद घेतला, वर तारीख घातली आणि 'स्वप्नाच्या आईंस' असं लिहिलं. पुढचं वाक्य सुचेना. बाहेर पास्कलकाका कुलूप घेऊन उभे होते, त्यांना तिने खुणेने सांगितलं की अजून थोडा वेळ लागेल.